मावशीची सगळी सोय केली आहे

'सोय' हा शब्द माझ्यासमोर पुन्हा कुणी काढला तर मी त्याच्या तोंडावर दार आपटीन. आधीच सांगून ठेवते, नंतर म्हणू नका.

माझा भाचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा, परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे. पोरगा वाईट नाही. आईला जपतो, बायकोला जपतो, मलाही वर्षाकाठी न चुकता स्वेटर पाठवतो, मी कधी मागितला नसला तरी. खोड एकच. तो सगळ्यांची सोय करतो. विचारत नाही, सांगत नाही, करून मोकळा होतो, आणि मग फोनवर आवाज असा लावतो की नाही म्हणणारीच कृतघ्न ठरावी.

तर या भाच्याच्या आईचं, म्हणजे माझ्या ताईचं, तिकडेच त्याच्याकडे गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. गाठ आतपर्यंत पोचली होती आणि स्वरयंत्रच काढून टाकायचं होतं. जीव वाचणार होता, पण आवाज जाणार होता, तोही कायमचा. आणि ताईचा आवाज काय चीज होती म्हणून सांगू! जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली तिने. तिथे मधात बोट बुडवल्यासारखी बोलायची आणि घरी आली की भोंगा. मी गल्लीच्या पार टोकाला खेळत असले आणि तिने हाक मारली, की मी तर पळायचेच, पण बाकीची पोरंही घाबरून आपापल्या घरी पळायची.

डॉक्टरांनी तिला बोलायला बंदी केली होती. घोगरा का होईना, थोडा आवाज अजून उरला होता. मी फोनवर रडले, चिडले, "अगं, एक शब्द तरी बोल की माझ्याशी," म्हणून भांडले. तिकडून भाच्याचाच आवाज आला.

"मावशी, आईने लिहून दाखवलंय. फोनवर बोलणार नाही म्हणते. आवाज जपून ठेवलाय. तू आलीस की तुझ्याशी समोरासमोर बोलणार, आणि मगच आत जाणार."

"मग कधी येऊ?"

"तिकीट काढलंय. ऑपरेशनच्या दिवशीच सकाळी पोचशील, आधीचं मिळालंच नाही. दुपारी तिला आत नेतील. तू काळजी करू नकोस, विमानतळावरून थेट हॉस्पिटलपर्यंत तुझी सगळी सोय केली आहे. तू फक्त विमानात बस."

म्हणजे ताईला आणि मला मिळून एक सकाळ होती. मी विमानात रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. ती काय बोलेल, मी काय बोलेन, आधी कोण रडेल, याचीच उजळणी करत बसले.

विमान उतरलं. मी पर्स खांद्याला लावली, पदर खोचला आणि सगळ्यांच्या पुढे दाराशी जाऊन उभी राहिले. दार उघडलं. बाहेर एक निळ्या जाकिटातली, हिंदी बोलणारी मुलगी व्हीलचेअर घेऊन उभी होती. तिने माझं नाव घेतलं.

"मी आहे," म्हटलं. "पण खुर्ची माझी नव्हे."

"तुमचीच आहे, मॅडम. बसा."

आता माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. मी शाळेत पी. टी.ची बाई होते. उभा जन्म पोरींना मैदानावर पळवण्यात गेला. आजही रोज पहाटे फेऱ्या मारते आणि मैदानावरची तरणी पोरं मला वाट देतात. मला व्हीलचेअर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हटलं, हिचं काय चुकलं, ही हुकमाची ताबेदार. मी हसून नको म्हणाले आणि चालायला लागले. तर ती खुर्ची ढकलत माझ्या मागे. मी भराभर, तीही भराभर. शेवटी तिने माझा दंड धरला आणि लहान मुलाशी बोलावं तशी बोलली.

"बसा हं. एकटं नाही फिरायचं. शहाण्या ना तुम्ही?"

बसले. वाद घालण्यापेक्षा बसून लवकर बाहेर पडू, असा हिशोब केला. तोच चुकला.

पासपोर्टची खिडकी झटकन पार पडली, ते मान्य करते. बॅगही आली. त्यानंतर ती मुलगी मला ज्या खोलीत घेऊन गेली तिथे माझ्यासारख्या दहा-बारा जणांना खुर्च्यांतच भिंतीला लावून ठेवलं होतं. ठेवलं होतं म्हणजे ठेवलंच होतं, गोदामात पोती ठेवतात तसं. खोलीची पुढची भिंत काचेची होती. काचेपलीकडे बाहेर पडायचा मोठा दरवाजा आणि कठड्याला टेकून पाट्या घेऊन उभे असलेले ड्रायव्हर. त्यातल्या एका टकल्या माणसाच्या पाटीवर माझं नाव होतं. ठळक, मोठ्या अक्षरात, अगदी माझ्या डोळ्यांसमोर.

"तो बघ, तो माझा ड्रायव्हर!" मी उठलेच.

मुलीने खांद्यावर हात ठेवून बसवलं. "तो घरचा माणूस नाही. तुम्हाला फक्त घरच्या माणसाच्या ताब्यात द्यायचं असं ठरलंय."

"ताब्यात? मी काय चोर आहे?"

"तुमच्या घरच्यांनी कळवलंय आम्हाला." तिने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला, जणू माझंच गुपित मला सांगत होती. "तुम्हाला कधी कधी कळत नाही ना, कुठे आहोत ते? घाबरू नका. असं होतं या वयात."

भाच्याने नुसती व्हीलचेअर सांगितली नव्हती. मावशीला काही समजत नाही, ती भरकटते, तिला एकटं सोडू नका, असं सांगून ठेवलं होतं! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, ते याच्यासाठीच. विमानतळाच्या माणसांना सांगितलं, घरच्यांशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. आणि न्यायला पाठवला कोण, तर भाड्याचा ड्रायव्हर! दोन्हीकडे स्वतःच बोलला, दोन्हीकडे पैसे भरले, आणि एका सोयीने दुसरीचा गळा धरलाय हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

"हे बघ बाई," मी शक्य तितकं शांत बोलायचा प्रयत्न केला. "माझ्या बहिणीचं आज ऑपरेशन आहे. दुपारनंतर ती कधीच बोलू शकणार नाही. मला तिच्याकडे जायचंय."

"हो हो. बहीण. जायचंय हं आपल्याला." आणि तिने माझा हात थोपटला.

तिथे माझा बांध फुटला. मी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली आणि मैदानावरच्या आवाजात तिला सुनावलं. माझं वय, माझी नोकरी, कोणती तारीख, कोणता वार, कोणत्या विमानाने आले, सगळं धडाधडा सांगितलं. खोलीतले सगळे वळून बघायला लागले. मुलीच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल? दया! तिने दुसऱ्या एका निळ्या जाकिटाला बोलावलं आणि दोघी हळूच बोलल्या, "फार अस्वस्थ आहेत." मी जितकी खरी बोलले तितकी वेडी ठरले. वेड्याने मी वेडा नाही म्हणून कितीही ओरडावं, ऐकणारा मान डोलावणारच. ती जागाच तशी होती, आणि तिथे मला माझ्या सख्ख्या भाच्याने बसवलं होतं.

"त्यालाच फोन लाव," मी म्हटलं. तिने लावला. बंद. लागणार कुठून, तो वॉर्डात आईजवळ बसलेला, तिथे फोन चालत नाहीत. माझ्या फोनला तिथली रेंज नव्हती. विमानतळाच्या फुकट वायफायला लागणारा आकडा म्हणे मेसेजवर येतो, आणि मेसेज यायला रेंज हवी. हे ज्याने शोधून काढलं त्यालाच एकदा त्या खुर्चीत बसवायला हवं.

"थोड्या वेळाने परत लावू," ती म्हणाली.

आणि मी काचेतून बघत राहिले. टकल्याने घड्याळ बघितलं. पाटी या हातातून त्या हातात घेतली. मी दोन्ही हात हलवले, काच बडवली, त्याच्या कानापर्यंत काही गेलं नाही. त्याने कुणाला तरी फोन केला, खांदे उडवले, पाटी काखेत मारली आणि निघून गेला. माझं नाव काखेत मारून तो माणूस निघून गेला, आणि मी इथे काचेला नाक लावून! तेव्हा मात्र मला रडू आलं. रागाचंच होतं, पण आलं.

"ओरडू नका," शेजारून आवाज आला. आपल्या बोलीत! शेजारच्या खुर्चीत एक काठीवाले आजोबा होते, गळ्यात मफलर, चेहरा मजेत. "ओरडलात की ते जास्त धरून ठेवतात. माझ्या सुनेने मला दर खेपेला असंच पाठवलंय. मला आवडतं बुवा, फुकट फिरवतात."

"तुम्हाला आवडत असेल. माझी बहीण तिकडे वाट बघतेय." आणि मी त्यांना सगळं सांगितलं. आवाज जपून ठेवल्याचंही.

आजोबांचा चेहरा बदलला. ते थोडा वेळ काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले. "ही बया तुम्हाला सोडणार नाही," ते म्हणाले. "पण इथे कुलूप कुठे आहे? भीक नको पण कुत्रा आवर म्हणायचं आणि चालायला लागायचं. माझ्यावर सोपवा."

असं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला आणि असं काही विव्हळले की मीच दचकले. "माझी गोळी! निळी गोळी! बॅगेत खाली आहे!" दोन्ही जाकिटं धावली. त्यांची बॅग उघडली गेली. एकेक कपडा बाहेर यायला लागला आणि आजोबा प्रत्येक कपड्यागणिक, "त्याच्याखाली, अजून खाली," करत राहिले.

माझी बॅग जाकिटवालीच्या ट्रॉलीवर अडकवलेली होती. ती घेतली असती तर खडखडाट झाला असता. गेली खड्ड्यात. पर्स पोटाशी धरली, उठले आणि दारातून बाहेर पडले. मला वाटलं, आता शिट्ट्या वाजतील, कुणी मागे धावेल. कुणी बघितलंसुद्धा नाही. खुर्चीत बसले होते तोवर मी सगळ्यांच्या काळजीचा विषय होते. पायावर उभी राहिले आणि कुणाची कुणीच उरले नाही. एवढाच त्यांच्या काळजीचा जीव.

बाहेर आगीतून फुफाट्यात. रेल्वेच्या तिकिटाचं यंत्र नोटा घेईना, फक्त कार्ड. माझ्या कार्डाला परदेशात चालायची परवानगीच नव्हती, कारण भाच्याने सांगितलं होतं, "मावशी, तुला खर्च करायची वेळच येणार नाही." बसच्या ड्रायव्हरला नोट दाखवली तर त्याने ती अशी बघितली की मीच छापून आणली असावी. आणि चार जण मागे लागले, "टॅक्सी मॅडम, टॅक्सी मॅडम," त्यांच्याबरोबर जायचं नाही असं तर लहान पोरालाही शिकवतात. शेवटी टॅक्सीची लांबलचक रांग दिसली तिथे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा रांग मोडली. ज्या बाईने शाळेत रांगेसाठी पोरींना उन्हात उभं केलं, ती मी. सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या जोडप्याला हात जोडले आणि माझ्या तुटक्या इंग्रजीत म्हणाले, "बहीण. हॉस्पिटल. आज शेवटचं बोलणं." त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बाजूला झाले. एवढं एकच वाक्य मी आत निळ्या जाकिटाला सांगत होते. तिला ते ऐकू आलं नव्हतं.

टॅक्सीवाला नोटा घेतो म्हणाला. हॉस्पिटलचं नाव मला पाठ होतं. तो मुकाट्याने चालवत राहिला आणि मी मागच्या सीटवर बसून भाच्याला शिव्या घालत राहिले. मोठ्याने. त्याला कळत नव्हतं म्हणून मनसोक्त. हॉस्पिटल दिसायला लागलं आणि गाड्यांची रांग ठप्प झाली. पुढे इमारत, वर लाल खूण, आणि आमची गाडी जागची हलेना. मी नोटा त्याच्या हातात कोंबल्या आणि उतरले.

धावले. साडी गुडघ्यापर्यंत धरून धावले. अर्ध्या वाटेत चप्पल तुटली, ती हातात घेतली. लोक बघत होते, बघू देत. स्वागताच्या टेबलावरच्या बाईने मजला सांगितला आणि म्हणाली, "बसा, लिफ्ट येईपर्यंत." बसा! आज जो तो मला बसवायलाच निघाला होता. मी जिन्याने गेले.

खोलीत पडदे ओढलेले होते. ताई चाकांच्या पलंगावर होती, डोक्याला कागदी टोपी, हाताला सुई. वॉर्डबॉयने पलंगाचा ब्रेक सोडलेला, नर्सचा एक हात ऑपरेशन थिएटरच्या दारावर. कोपऱ्यात भाचेसून उभी होती आणि पायाशी भाचा.

ताईने मला पाहिलं. तिचे डोळे एकदम भरले. नर्सला मी हात जोडले, तिने दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं.

मी ताईचा हात धरते न धरते तोच भाचा मधे आला. "मावशी! तू एकटी कशी? ड्रायव्हर कुठेय? तुला असं सोडलंच कसं त्यांनी? मी स्पष्ट सांगून ठेवलं होतं!"

"काय सांगून ठेवलं होतंस रे? मला काही कळत नाही म्हणून?"

तो चपापला. "अगं, ते... तसं सांगितलं की ते जास्त लक्ष देतात. खुर्चीवरून आणतात, लांब चालावं लागत नाही. तुझ्याच सोयीसाठी केलं ना."

सकाळपासून मनात घोळवलेलं सगळं माझ्या ओठावर आलं होतं. पण मला बोलावंच लागलं नाही. पलंगावरून एक आवाज आला. आधी पत्रा ओढल्यासारखा खरखरला, आणि मग फुटला.

"गाढवा!"

नर्स दचकली. ताई कोपरावर उठून बसली होती.

"हिला कळत नाही? तुला नाडी बांधायला हिने शिकवलं! सायकल हिने शिकवली! आणि हिला वेडी म्हणून सांगतोस?" श्वास पुरेना, तरी थांबेना. "विचारायचं असतं रे माणसाला. मला विचारलंस? माझं घर रिकामं केलंस, माझी भांडी वाटून टाकलीस, मला इथे आणून ठेवलंस. एकदा तरी विचारलंस, आई, तुला यायचंय का? एकदा तरी?"

भाचा पलंगापासून मागे सरकला.

"पुरे आता," म्हणत नर्स पुढे झाली. पलंग हलला. ताई माझ्याकडे वळली, ओठ हलले, आणि काही म्हणजे काही आलं नाही. हवा आली नुसती. तिने माझं मनगट घट्ट दाबलं. मग दार उघडलं, पलंग आत गेला, दार मिटलं.

बाहेरच्या बाकावर भाचा दोन्ही हातात तोंड घेऊन बसला. हातांच्या आडूनच बोलला. "मावशी, इतके दिवस तिने तुझ्यासाठी आवाज राखून ठेवला होता. तुझ्याशी बोलायचं होतं तिला. आणि सगळा माझ्यावर ओरडण्यात संपवला. माझ्यामुळे तुझं राहिलं."

"काही राहिलं नाही," मी म्हटलं. माझा राग अजून धगधगतच होता आणि मी तो लपवलाही नाही. "तुला काय वाटतं, ती माझ्याशी काय बोलणार होती? हेच बोलणार होती. माझ्या गळ्यात पडून सांगितलं असतं, आणि तू दाराबाहेर उभा राहिला असतास, आणि तुला जन्मात कळलं नसतं. ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं तिने."

त्याची बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. समोरच्या दारावरचा दिवा लागलेला होता.

मग तो उठला. सवयीने म्हणाला, "मी तुझ्यासाठी चहा आणि खायला," आणि मधेच थांबला. माझ्याकडे वळला.

"मावशी, चहा घेशील?"

"नको," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि गेला नाही. आणला नाही. माझ्या शेजारी बसला. तेव्हा मी पदर तोंडाला लावला आणि ताईसाठी रडले.